शिल्लक पाहून येणारे खर्च

१

पाणी जायच्या पाइपात कुणीतरी सिमेंट भरलं होतं. चुकून सांडलेलं नव्हतं ते. नीट कालवून, तोंडापर्यंत भरून, वरून बोटानं सारखं केलेलं. मिस्त्रीनं छिन्नीचं टोक आपटून दाखवलं तर ठणठण वाजलं.

"मावशी, हे आपोआप होतं का?" भाच्यानं विचारलं.

"आपोआप फक्त पगारातून कर कापला जातो," मी म्हणाले. "बाकी सगळं कुणीतरी करावं लागतं."

भाच्याला हसू आलं नाही. त्याचं तोंड आठवडाभर न झोपलेल्या माणसासारखं झालं होतं. तो ताईचा एकुलता एक मुलगा. मी ताईची धाकटी बहीण. निवृत्त होईपर्यंत मी विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करत असे. जळालेली गोदामं, भिजलेले कापडाचे तागे, फुटलेल्या टाक्या. आपलं नुकसान कसं झालं हे सांगताना माणसं इतक्या थापा मारतात की शेवटी मी माणसांचं ऐकणंच सोडलं होतं. आधी भिंतीला विचारायचं, मग मालकाला, ही माझी पद्धत. या स्वभावापायी ऑफिसात माझ्याबरोबर चहाला कुणी येत नसे.

ताई जुन्या बाथरूमच्या उंच उंबऱ्याला अडखळून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तिला नर्सिंग होममध्ये ठेवलं. भावोजींनी डॉक्टरांचा निरोप आणला की उंबरा काढून सपाट जमीन करा, बसायला बाक, धरायला दांडे लावा, तोवर तिला घरी नेऊ नका. म्हणजे बाथरूम झालं की ताई घरी. एवढाच प्रश्न होता आमच्यापुढे, आणि तो सुटता सुटत नव्हता. दर आठवड्याला त्या बाथरूममधून काहीतरी नवीन निघत होतं.

"पोलिसांत जाणार होतो," भाचा म्हणाला. "बाबांनी अडवलं. घरची गोष्ट चव्हाट्यावर नको म्हणाले. पण आज संध्याकाळी मी मिस्त्रीला काढणार. रोजावर आहे तो. जितके दिवस लांबेल तितकं त्याचंच भलं."

मिस्त्री दारातच उभा होता. त्यानं हे ऐकलं आणि छिन्नी खाली ठेवली.

"दुसरा मिस्त्री कधी मिळेल?" मी विचारलं.

"मिळेल दोनेक महिन्यांनी."

दोन महिने ताईनं त्या लोखंडी पलंगावर पडून राहायचं. मी पर्स खुंटीला अडकवली आणि म्हटलं, संध्याकाळपर्यंत कुणीही कुणाला काढायचं नाही.

२

आधी पैशाचं सांगते, कारण सगळं पाणी तिथंच मुरत होतं.

काम काढलं तेव्हा मीच भाच्याला बजावलं होतं की जुनी जमीन फोडल्यावर खाली काय निघेल ते सांगता येत नाही. जेवढा अंदाज काढशील त्याचा पाचवा हिस्सा वेगळा ठेव, आणि त्याला हात लावायचा नाही. भाचा गुणी. त्यानं ते पैसे खरंच वेगळे ठेवले. पहिल्याच दिवशी जमीन फोडली तर खालचा पाइप कुजून भुगा झालेला. वेगळ्या ठेवलेल्या पैशातली मोठी रक्कम तिथं गेली. तो खर्च खरा होता. पाइपाचा तुकडा मी स्वतः हातात घेऊन पाहिला होता, बोटानं दाबला तर पापुद्रे निघत होते.

त्यानंतर तीन गोष्टी झाल्या. पाणी मुरू नये म्हणून जमिनीला रबरासारखा थर देतात, त्याला भोक पडलं आणि थर पुन्हा द्यावा लागला. मग फरश्या आल्या, तर भावोजींनी रंग पटला नाही म्हणून खोकी न उघडताच परत पाठवल्या. आणि आता हे सिमेंट.

"किती उरलेत?" मी भाच्याला विचारलं.

"थोडे. रोज जेवताना वाचून दाखवतो मी. ऐकतं कोण? बाबाच तेवढे विचारतात, किती उरले रे म्हणून."

मी पुढच्या खोलीत डोकावले. भावोजी खिडकीशी शिलाई मशीनवर बसले होते. त्यांचं शिंप्याचं दुकान होतं, अजून अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. दुकान बंद झालं तरी मशीन घरी आलं, आणि घरभर चिंध्या. ताईचे गाऊन घेऊन बसले होते. एक पाठीतून पूर्ण उसवलेला, आणि त्याला ते कडेनं बांधायचे बंद लावत होते. आता ही कुठली नवी फॅशन, असं मनात आलं. पण माझी फॅशनची अक्कल भाच्याच्या लग्नातल्या फोटोंत कायमची नोंदली गेली आहे, म्हणून गप्प बसले.

"ये," भावोजी मान वर न करता म्हणाले. "चहा घेतलास?"

"घेते. भावोजी, हे कोण करत असेल हो?"

सुई थांबली. "सोड ना. होतं एखादं काम रखडत. घाई कसली आहे?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ज्याची बायको इतके दिवस घराबाहेर आहे, तो विचारत होता की घाई कसली.

३

मिस्त्रीला मी एका रिकाम्या खोक्यावर बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"बाई, मला दोन घरांची कामं सोडावी लागली या बाथरूमपायी," तो म्हणाला. "तिकडे सगळ्या कामाचा उक्ता पैसा होता. इथं रोज घेतो म्हणून मी चोर?"

"चोर कोण म्हणालं?"

"साहेब म्हणाले की, आत्ता. कधीतरी असं होणार म्हणूनच मी हा जपून ठेवलाय." त्यानं पिशवीतून एक काळा तुकडा काढला. भोक पडलेल्या जागेचा थर त्यानं कापून ठेवला होता. "उद्या माझ्यावर आलं तर दाखवायला."

मी तो उजेडात धरला. बारीक, गोल भोक. टोच्यानं किंवा जाड सुईनं पाडल्यासारखं. कडा फाटलेल्या नव्हत्या, आतल्या बाजूला वळून गुळगुळीत झाल्या होत्या.

"थर कधी दिला होतास?"

"दुपारी. सकाळपर्यंत वाळतो. दुसऱ्या दिवशी वर चार बोटं पाणी भरून ठेवलं, तर पाणी उतरलं."

"ओला असताना टोचलं तर?"

"मिटतं आपोआप. दहीच असतं ते तेव्हा."

"आणि वाळल्यावर?"

"फाटतं. कडा अशा वळायच्या नाहीत." एवढं बोलून तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

दुपारी टोचलं असतं तर भोक मिटलं असतं. सकाळी टोचलं असतं तर फाटलं असतं. म्हणजे थर अर्धवट ओला असताना, संध्याकाळी. आणि संध्याकाळी मिस्त्री आपल्या घरी गेलेला असतो. खालच्या मजल्यावरची बाईसुद्धा सुटली. तिच्या छताला जुन्या बाथरूमचे डाग पडलेत म्हणून ती महिनाभर भांडतेय खरी, पण संध्याकाळी वर यायला तिच्याकडे किल्ली नाही. शिवाय भांडायचं तर ती दुपारी भांडते, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं.

उरले घरातले तिघं. भाचा, त्याची बायको आणि भावोजी.

"तो पाइप फोड," मी मिस्त्रीला म्हटलं. "हळू. खाली काय आहे ते बघू."

त्यानं हलक्या हातानं सिमेंट फोडलं. वीतभरसुद्धा नव्हतं ते. खाली कापडाचा घट्ट बोळा होता. सिमेंट नव्या पाइपात खोलवर जाऊ नये म्हणून आधी बोळा बसवला होता, मग त्यावर सिमेंट. बोळा ओढला तसा खालचा पाइप स्वच्छ, जसाच्या तसा.

मिस्त्री डोकं खाजवायला लागला. "बाई, वाटोळं करणारा माणूस पाइप कशाला जपेल?"

४

कापड अस्तराचं होतं, कडा नागमोडी कातरलेल्या. पण असल्या चिंध्या घरभर होत्या. मिस्त्री त्यांनाच हात पुसायचा, भाचेसून त्यांनीच ओटा पुसायची. चिंधीवरून कुणाला पकडणं म्हणजे या घरातल्या सगळ्यांनाच पकडणं.

भाचेसून स्वयंपाकघरात भांडी लावत होती. खरं सांगते, माझा संशय तिच्यावरच होता. सासू घरी आली की उठवणं, बसवणं, धुणं, पुसणं सगळं तिच्या गळ्यात पडणार. नोकरी करणारी मुलगी. काम लांबलं तर तिला थोडी सवड मिळणार. मी काही आडवळणं घेतली नाहीत.

"तुला ती घरी यायला नको आहे का?"

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मग तिनं ते खाली ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मावशी, मी बिनपगारी रजा काढलीये. मंजूर होऊन आठवडे झाले. रोज ती फुकट जातेय. नर्सिंग होममधल्या सिस्टरकडून मी शिकून घेतलं, माणसाला कुशीवर कसं वळवायचं, खालची चादर कशी बदलायची." तिचा आवाज चिरकला. "आणि तुम्हाला वाटतं मी पाइपात सिमेंट भरलं?"

मी आयुष्यात पुष्कळांना रडवलं आहे, पण त्यातले बहुतेक लबाड होते. ही लबाड नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चुकलं म्हणाले.

"मी बाबांना विचारते, आईंचा पलंग कुठं लावायचा," ती डोळे पुसत म्हणाली. "खिडकीपाशी की कपाटापाशी? तर म्हणतात, आधी बाथरूम होऊ दे. मिस्त्री विचारतो, दांडे किती उंचीवर ठोकू? आईंच्या मापानं ठोकायचे ना. तीनदा विचारलं त्यानं. बाबांना आईंची सगळी मापं तोंडपाठ आहेत, तरी म्हणतात, सांगतो, सांगतो."

मी बाहेर येऊन खोक्यावर बसले. भाच्याला काम लवकर संपायला हवं होतं, पैसा त्याचा जात होता. सुनेला लवकर संपायला हवं होतं, रजा तिची जात होती. आणि एक गोष्ट मला आधीच खटकायला हवी होती. जमिनीखालून निघणारा खर्च आडदांड असतो. तुमच्याकडे किती उरलेत हे विचारून तो येत नाही. पहिला कुजका पाइप तसा होता, धाडकन येऊन निम्मे पैसे घेऊन गेला. पण पुढचे तिन्ही खर्च फार समजूतदार होते. थराला एकच भोक. फरश्या न उघडता परत, म्हणजे फक्त नेण्याआणण्याचं भाडं. सिमेंट वीतभरसुद्धा नाही, खाली बोळा. प्रत्येक खर्च उरलेल्या शिलकीत बरोबर बसला होता. पैसे संपून काम बंद पडावं, असं त्या माणसाला वाटत नव्हतं. काम पुरं व्हावं असंही वाटत नव्हतं. काम चालू राहावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि रोज जेवताना एकच माणूस विचारत होता, किती उरले रे.

का, तेवढं कळत नव्हतं. आणि मग मला ते गाऊन आठवले.

५

पुढच्या खोलीचं दार मी मागून लावून घेतलं. भावोजींनी मशीन थांबवलं.

"भावोजी, पाठीत उघडे गाऊन कुणाला घालतात?"

त्यांनी सुईतला दोरा तोडला.

"बाकावर बसून, दांड्याला धरून अंघोळ करणाऱ्या बाईला असला गाऊन नको असतो. ती हात वर करून साधा गाऊन घालते. हा ज्या माणसाला उठवून बसवता येत नाही त्याचा गाऊन आहे. वरून पांघरायचा आणि कडेनं बांधायचा." मी गाऊनचा लोंबणारा बंद हातात धरला. "ताई बसूच शकणार नाहीये. हो ना?"

भावोजींनी हातातलं कापड घडी घालून मांडीवर ठेवलं. पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी घातली.

"हाड नुसतं मोडलं नव्हतं," ते म्हणाले. "आतून पोखरलेलं होतं, म्हणून मोडलं. पाठीच्या कण्यापर्यंत गेलंय. डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून सांगितलं. म्हणाले, आता घरी घेऊन जा. कुठल्या अर्थानं म्हणाले ते मला कळलं. मला तो अर्थ नको होता."

"आणि बाथरूम?"

"ते आधीच सुरू झालं होतं. पोरगा रोज विचारायचा, आई कधी येणार? मी म्हणायचो, बाथरूम झालं की. हे वाक्य होतं तोवर ती येणार होती, कळलं? बाथरूम झालं असतं तर मला दुसरं वाक्य बोलावं लागलं असतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते मला येत नाही गं."

मला त्यांचा संताप आला आणि त्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं. ताई जाणार होती. माझी ताई, जिनं मला सायकल शिकवली आणि मी पडल्यावर आईपाशी स्वतःवर आळ घेतला. आणि हे मला एका उसवलेल्या गाऊनवरून कळत होतं. मी तिथंच पलंगाच्या कडेला बसून रडले. भावोजी मला पाणी द्यायला उठले, आणि पेला घेऊन नुसतेच उभे राहिले.

रडून झाल्यावर मला जे दिसलं ते मी बोलून टाकलं. बोलायला नको होतं की काय, ते अजून ठरवता आलेलं नाही.

"भावोजी, तिला बाथरूम लागणारच नव्हतं. मग इतके दिवस ती तिथं एकटी का होती? ती इथंच असू शकली असती. या खोलीत. तुमचं मशीन ऐकत."

पेल्यातलं पाणी त्यांच्या पायांवर सांडलं. त्यांनी याचा विचारच केला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. बाथरूम झालं नाही म्हणून ती घरी येत नाही, हे त्यांनी सगळ्यांना इतकं पटवलं होतं की शेवटी त्यांचं त्यांनाही ते पटलं होतं.

बाहेर भाच्याचा आवाज आला. तो मिस्त्रीला सामान उचलायला सांगत होता.

"जा," मी म्हणाले. "तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तो माझं ऐकेल, पण तुम्हाला कधी माफ करणार नाही."

भावोजी गेले. मी दारातून पाहत होते. त्यांनी आधी मिस्त्रीपुढे हात जोडले, आणि म्हणाले की सिमेंट मी भरलं, थरही मीच टोचला. मग मुलाकडे वळले आणि त्यांना पुढं बोलताच येईना. भाचा वाट बघत राहिला. मग बापाचा चेहरा बघता बघता त्याला कळत गेलं. तो सिमेंटच्या पोत्यावर मटकन बसला. मिस्त्री हात धुवायला म्हणून गॅलरीत निघून गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

६

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईला आणायला गेलो. वेगळ्या ठेवलेल्या पैशांतले उरलेले सगळे भाच्यानं रुग्णवाहिका, भाड्याचा पलंग आणि दिवसाच्या नर्सवर खर्च केले. कुठल्या खर्चासाठी ठेवले होते, हा प्रश्न त्यानं विचारला नाही.

भावोजी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, मधे काचेची खिडकी होती. मी मागं ताईजवळ. ती इतकी हलकी झाली होती की गाडी वळली की चादरीसकट सरकायची. मी तिचा खांदा धरून ठेवला.

"झालं बाथरूम?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग कसं काय नेताय?"

मला खोटं सुचेना. ती माझ्याकडे बघत राहिली, मग छताकडे.

"मला कळतं गं काय झालंय ते," ती म्हणाली. "अंग माझंच आहे. पण मला सलत होतं ते दुसरंच." जरा वेळानं म्हणाली, "रोज काहीतरी निघायचं त्या बाथरूमचं. आज पाइप, उद्या फरशी. मला वाटलं, मी तुम्हाला घरी नकोच आहे. आजारी बाईचं कोण करणार. म्हणून मग मी विचारायचंच सोडून दिलं."

हे तिनं कुरकुर न करता सांगितलं. बस चुकली, असं सांगावं तसं.

मग मी तिला सगळं सांगितलं. भोक, परत गेलेल्या फरश्या, कापडाचा बोळा, किती उरले रे, सगळं. ती हसायला लागली. हसता हसता तिला ढास लागली, आणि मग ती रडली. काचेतून तिला भावोजींची मान दिसत होती. ती त्या मानेकडे कितीतरी वेळ बघत होती.

"वेडा माणूस," ती म्हणाली. "मला काय वाटलं होतं ते त्यांना सांगू नकोस हं."

घरी तिला खिडकीपाशी निजवलं, मशीनच्या बाजूला. भावोजी दिवसभर काहीबाही शिवत बसायचे, आणि मशीन थांबलं की ती डोळे उघडायची. पुढचा महिना संपायच्या आत ती गेली. मिस्त्रीनं नंतर येऊन बाथरूम पुरं केलं, आणि त्या शेवटच्या दिवसांची मजुरी घेतली नाही.

आता वर्ष होत आलं. मी गेले की भावोजी चहा करतात. समोर बसतात आणि कधीतरी, दुसरंच काही बोलता बोलता, विचारतात, "त्या दिवशी घरी येताना गाडीत ती काही म्हणाली का गं?"

"नाही हो," मी म्हणते. "तिला झोप लागली होती."